कर्नलमधला बंद पर्याय सुरू करून हवा असेल तर

प्रश्न : गिरगावातील आमच्या वाचनालयाचे सहा जुने संगणक डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालतात. पावत्या छापणारा प्रिंटर जोडण्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेले सीरियल कार्ड आणले. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, सोर्स कोडमध्ये त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) आहे, पण आमच्या संगणकावर कार्ड चालत नाही. तो ड्रायव्हर समाविष्ट करण्याची विनंती कोणाकडे आणि कशी करावी?

उत्तर : विनंतीपूर्वी एक खात्री करून घ्या. बूट फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ या शब्दाने सुरू होणारी फाइल असते; तिच्यात आपल्या ड्रायव्हरच्या पर्यायाची ओळ शोधा. ओळीच्या शेवटी ‘वाय’ असेल तर तो कर्नलमध्येच बसवलेला आहे, ‘एम’ असेल तर वेगळे मॉड्यूल (गरजेनुसार कर्नलमध्ये लोड होणारा भाग) म्हणून दिलेला आहे, आणि ओळ हॅशच्या चिन्हाने सुरू होऊन ‘इज नॉट सेट’ या शब्दांनी संपत असेल तर तो बंद ठेवलेला आहे. ‘एम’ निघाल्यास मॉड्यूल फक्त लोड करून पाहावे. कदाचित विनंतीची गरजच उरणार नाही.

पर्याय बंद असेल तर मूळ कर्नलच्या विकसकांना लिहू नये, कारण कोड देण्याचे त्यांचे काम झालेले आहे. हजारो पर्यायांपैकी कोणते सुरू ठेवायचे, हे डेबियनसारखे प्रत्येक वितरण (लिनक्सची तयार प्रणाली) आपले आपण ठरवते. म्हणून ‘रिपोर्टबग’ ही आज्ञा वापरून डेबियनच्या कर्नल चमूकडे ‘विशलिस्ट’ (दोषाची तक्रार नव्हे, सुधारणेची इच्छा) या दर्जाची नोंद करावी.

ही मंडळी बहुतांशी स्वयंसेवक आहेत आणि एक पर्याय सुरू केला की त्यातल्या दोषांची जबाबदारीही त्यांच्याकडे येते, हे ध्यानात ठेवून लिहावे. ‘वाय’ मागितल्यास तो ड्रायव्हर ते कर्नल वापरणाऱ्या प्रत्येक संगणकाच्या मेमरीत जागा अडवतो, मग तिथे असे कार्ड असो वा नसो. मॉड्यूल मात्र कार्ड असेल तिथेच लोड होते. तेव्हा ‘एम’च मागावे. नोंदीत पर्यायाचे अचूक नाव आणि ‘एलएसपीसीआय’ या जोडलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या आज्ञेने दाखवलेले कार्डाचे क्रमांक द्यावेत. माझ्या मते सर्वांत जास्त वजन पडते ते स्वतः केलेल्या चाचणीचे : डेबियनचीच कॉन्फिग फाइल घेऊन, तिच्यातला तेवढा एकच पर्याय बदलून सोर्स कोडमधून कर्नल बांधावे (कंपाइल करावे) आणि त्यावर खरोखर पावती छापून पाहावी. जुन्या यंत्रावर या कामाला काही तास लागतात, म्हणून शक्य असल्यास एखाद्या सभासदाचा नवा संगणक मागून घ्यावा.

विनंती मान्य झाली तरी बदल सहसा आधी पुढच्या आवृत्तीसाठीच्या कर्नलमध्ये येतो. स्थिर आवृत्तीत मुख्यतः दुरुस्त्याच घेतल्या जातात. तोवर स्वतः बांधलेले कर्नल वापरता येईल, परंतु त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत, प्रत्येक वेळी ते नव्याने बांधावे लागते. सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक ज्या संगणकावर आहेत, तो या प्रयोगात घेऊ नका. प्रिंटरसाठी सहांपैकी एक संगणक वेगळा काढा.