मिकूचा आवाज कानाला टोचतो. तरीही ऐकावीत अशी जपानी व्होकलॉइड गाणी कोणती?

टोचतो, मान्य. (व्होकलॉइड म्हणजे स्वर आणि शब्द भरले की गाणारा संगणक-प्रोग्राम, आणि हात्सुने मिकू हा त्यातला एक आवाज.) पण पुढे तुम्ही लिहिलंय, "माणसांनी गायलेली कव्हर्स असतील तर तीच सांगा, म्हणजे खरी भावना कळेल." या एका वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसले. माझा एक मित्रही हेच म्हणतो. मूळ गाणं म्हणजे कच्चा खर्डा आणि कव्हर म्हणजे पक्की प्रत, असा त्याचा हिशोब आहे. तो साफ चुकीचा आहे. यातली बरीच गाणी माणसाला गाता येऊ नयेत अशीच रचलेली आहेत.

मिकूचंच बघा. सापोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने ती ३१ ऑगस्ट २००७ रोजी बाजारात आणली. आवाज साकी फुजिता यांचा. कंपनीने सांगितलेला तिचा पल्ला पेटीच्या हिशोबात मंद्रातल्या पांढरी सहापासून तारातल्या पांढरी तीनपर्यंत, आणि लय मिनिटाला ७० ते १५० ठोके. आता कॉस्मो यांचं 'हात्सुने मिकू नो शोशित्सु' लावा, २००८ मधलं लांब रूप. ते २४० ठोक्यांवर पळतं. व्होकलॉइडमध्ये स्वराच्या ठोक्यावर अ-आ-इ बसतो आणि व्यंजन त्याच्या आधी, म्हणजे मागच्या स्वराची जागा खाऊन वाजतं. संथ गाण्यात हे जाणवत नाही. इथे मागचा स्वरच इतका आखूड असतो की त्यातलं जवळपास काही उरत नाही, आणि शब्द एकमेकांवर आदळतात. यावर उपाय आहे: वेलॉसिटी मुळातल्या ६४ वरून वर न्यायची. (या प्रोग्रामात वेलॉसिटीने आवाज मोठा होत नाही, व्यंजन आखूड होतं. पियानोवाले इथे हमखास फसतात.) पण ती कितीही वर नेली तरी इतक्या घाईत थोडी गिळागिळ राहतेच. आणि गाणं कशाचं, तर पुसल्या जात असलेल्या प्रोग्रामचं. माणूस गातो तेव्हा मध्ये श्वास घेतो आणि तिथेच गोष्ट मोडते, कारण मिकूला श्वास लागत नाही. हवा असेल तर तो वेगळा घालावा लागतो.

भावना नाही म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा बेताउची ऐकलेली असते, म्हणजे नुसते स्वर आणि शब्द भरून जसंच्या तसं सोडलेलं गाणं. जुन्या व्हॉइसबँकमध्ये (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या साठ्यात) लांब स्वर हा रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्याला ताणून बनतो, म्हणून तो सपाट, शिट्टीसारखा लागतो. ट्यूनर, म्हणजे हे स्वर एकेक करून घडवणारा, काय करतो? स्वराची सुरुवात किंचित खालून उचलतो, व्हिब्रेटो (स्वराचा कंप) पहिल्या क्षणापासून न देता स्वराच्या उत्तरार्धात सुरू करतो, ओळीच्या शेवटी डायनॅमिक्स (आवाजाचा जोर) उतरवतो. पिच बेंडचा, म्हणजे सूर वर-खाली वाकवण्याचा, आवाका मुळात २ अर्धस्वरांचा असतो. तो वाढवून भरमसाट रेघा ओढल्या की आवाज घसरगुंडीवरून आल्यासारखा येतो. पेटीवर मींड निघत नाही म्हणून पेटीच्या नाट्यपदांत भावना नाही असं आपण कधी म्हटलं का?

आता गाणी. टोचणं कमी हवं असेल तर मेगुरिने लुका या दुसऱ्या व्होकलॉइड आवाजापासून सुरुवात करा. तिचा पल्ला मंद्रातल्या पांढरी दोनपासून सुरू होतो, म्हणजे मिकूपेक्षा बराच खाली. डिक्सी फ्लॅटलाइन यांचं 'जस्ट बी फ्रेंड्स' (२००९) आधी ऐका, मग अगोआनिकी-पी यांचं 'डबल लॅरिअट'. त्यानंतर वोवाका यांची 'रोलिंग गर्ल' आणि 'वर्ल्ड्स एंड डान्सहॉल', दोन्ही २०१० ची. दुसऱ्यात मिकू आणि लुका एकत्र आहेत, त्यामुळे दोन आवाजांतला फरक आपोआप कळतो. वोवाका २०१९ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी गेले. श्वासाला जागाच न ठेवणाऱ्या ओळी त्यांच्याइतक्या बेदरकारपणे फार कमी जणांनी लिहिल्या. हाची यांचं 'मात्र्योश्का' (२०१०) मिकू आणि गुमी या आणखी एका आवाजाचं. हाची म्हणजेच आजचे गायक-संगीतकार केन्शी योनेझू.

अगदी वेगळं काही हवं असेल तर इसाओ तोमिता यांची 'इहातोव सिंफनी', २०१२. ऐंशीच्या घरातले संगीतकार, पूर्ण वाद्यवृंद, गायकसमूह आणि मिकू. तिने कंडक्टरच्या काठीबरोबर चालावं म्हणून वेगळी यंत्रणा करावी लागली होती.

नवीन इंजिनांचा, म्हणजे एआय वापरून गाणाऱ्या प्रोग्रामांचा, आवाज तुम्हाला सोपा जाईल. त्सुमिकी यांचं 'फोनी' (२०२१) काफूच्या आवाजात, चेविओ एआय या इंजिनावर. कासाने तेतो २००८ च्या एप्रिल फूलची थट्टा म्हणून जन्मली, २०२३ मध्ये सिंथेसायझर व्ही या इंजिनावर आली. तिचं 'ओव्हरराइड' आणि मिकूबरोबरचं 'मेस्मरायझर' (२०२४) ऐकाच. पण एआय आवाज जितका गुळगुळीत, तितका मला कमी आठवतो.

कव्हरचा वाद मिटवायचाच असेल तर 'शार्ल' (२०१६) घ्या. बलून यांनी ते फ्लॉवर या व्होकलॉइडच्या आवाजात केलं आणि पुढे स्वतःही गायलं. आधी फ्लॉवरचं ऐका. तिच्या कोरड्या, मुलगा की मुलगी ते न कळणाऱ्या आवाजात कडू शब्द कडूच राहतात. माणसाच्या आवाजात त्यांना कणव चिकटते. माझ्या मित्राला कणवच आवडते, त्याला इलाज नाही.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे सूर गळतात आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे येतो, जिथे कानही जास्त तीव्र असतो आणि मिकूचा 'इ'ही तिथेच भरतो. हेडफोनवरही टोचलं तर इक्वलायझरमध्ये ३ किलोहर्ट्झ २-३ डेसिबलने उतरवा. त्याहून जास्त उतरवलं तर व्यंजनं बुडतात.

हो, वर सगळ्यालाच व्होकलॉइड म्हणायचा प्रघात असला तरी ते यामाहाचं उत्पादन आहे. काफू आणि आताची तेतो त्यात येत नाहीत. कव्हर सगळीच टाकाऊ असंही नाही, गायिका आडो तिथूनच वर आली. शब्दांचा अर्थ लावून ऐकणार असाल तर 'रोलिंग गर्ल' मन खचलेलं असताना नको. आणि वेग वाढवून चढवलेल्या आवृत्त्या टाळा. त्यात सूर पल्ल्याच्या वर जातो, आणि मग टोचण्याचा दोष मिकूच्या माथी येतो.