कॉइल नाही, कापूस बदला

तुमच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगरेटची, कॉइल (लिक्विड तापवणारी तारेची गुंडाळी) तुम्ही दर दोन दिवसांनी बदलता, तरी तिसऱ्या झुरक्याला करपट चव येते आणि ते मुंगीएवढे स्क्रू पिळताना हात थरथरतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचून मला बर्मिंगहॅममधल्या खोलीतलं माझं २०१७ सालचं टेबल आठवलं. अगदी हेच. जून २०२५ पासून इंग्लंडात वापरून फेकायचे व्हेप विकायला बंदी आली, तेव्हापासून बरेच जण स्वतः कॉइल बसवायच्या या उद्योगाला लागलेत. (मी डॉक्टर नाही. सिगरेट सुटावी म्हणून इकडे वळलो. जो ओढतच नाही त्याने यात पडूच नये.)

बॅटरी कशी सांभाळायची, ओहम (कॉइलचा विद्युतरोध) कसे बघायचे हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते सोडतो.

कॉइल इतक्यांदा बदलायची गरजच नसते. कॅन्थलची (लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) तार आठवडेच्या आठवडे टिकते. कॉइलमधला, लिक्विड शोषून घेणारा कापूस चिमट्याने ओढून काढा, कोरडी कॉइल कमी वॅटवर थांबत थांबत लालसर होईपर्यंत तापवा. काजळी जळून जाते. गार झाल्यावर टँक (लिक्विड आणि कॉइल असलेला भाग) यंत्रावरून काढून नळाखाली धरा, पूर्ण वाळवा. तार निकेल किंवा टायटॅनियमची असेल तर मात्र कोरडी तापवू नका.

बुटाच्या लेसला असतं तसं कडक टोक लावलेला कापूस मिळतो, तो घ्या. सुईत दोरा ओवावा तसा जातो. ओढताना किंचित अडला पाहिजे, पण तार हलता कामा नये. मी वर्षभर ठासून भरत होतो. आई इकडे आली होती, तिला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. तरी जाता जाता बघून म्हणाली, "समईची वात इतकी घट्ट वळलीस तर तेल चढेल का रे?" त्या दिवसापासून करपट चव बंद.

आता माझी घोडचूक. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने मी तारेचं टोक आवळायला गेलो आणि स्क्रूची खाचच गेली. ना सैल होईना, ना घट्ट. ज्या दुकानातून टँक घेतला त्यांना ईमेल केली. वरून फोटो पाठवा, बाजूने पाठवा, पावतीसकट पाठवा, असं करत तीन आठवडे गेले. शेवटी उत्तर आलं: कॉइल ग्राहकाने स्वतः बसवल्यामुळे वॉरंटी लागू नाही. अहो, तो टँक विकतातच स्वतः कॉइल बसवण्यासाठी! खोक्यावर तसं ठळक छापलेलं होतं! टँकचे पैसे गेले त्याचं एवढं नाही. चार महिने सुटलेली सिगरेट त्या तीन आठवड्यांत पुन्हा हातात आली, ते अजून खुपतं. म्हणून दुसरा टँक कपाटात असू द्या, साधा का असेना.

नवा घेणार असाल तर एकाच कॉइलचा घ्या, तारेची भोकं मोठी असलेला, षटकोनी खाचेचे स्क्रू असलेला. दोन कॉइलवाले दिसायला भारी, बाकी डोक्याला ताप, हे आपलं माझं मत. तीन मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर २६ गेज जाडीच्या कॅन्थल तारेचे सहा वेढे घाला, पाऊण ओहमच्या आसपास येतं. दोन्ही टोकं आवळून होईपर्यंत बिट आतच राहू द्या. हात थरथरले तरी कॉइल वाकडी होत नाही. यंत्रावर दिसणारा ओहमचा आकडा वर-खाली उड्या मारत असेल तर एखादं टोक सैल आहे, समजा.

आणि गोड चवीची लिक्विडं कमी करा. त्यातल्या सुक्रालोजने (कृत्रिम गोडव्याने) कॉइल दोन दिवसांत काळी पडते. तुमचं निम्मं दुखणं तेच असेल, असा आपला अंदाज.

भारतात जाताना यातलं काहीही सामानात टाकू नका. २०१९ च्या कायद्याने तिथे ई-सिगरेटची आयात, विक्री, साठवण, सगळ्यावर बंदी आहे. मी पुण्याला जातो तेव्हा डबा शेजाऱ्याकडे ठेवतो आणि तिथे निकोटीनचं च्युइंगगम चघळतो.