शित्झू आणि पूडल या कुत्र्यांच्या दोन जातींच्या संकराचं पिल्लू घेताय? केसांचं आधी समजून घ्या

पिल्लू 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. संकरात केस कसे निघतील हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून आई बघूनच घ्या. "केस गळत नाहीत" यावर भुलू नका. गळलेला केस अंगावरच्या केसांतच अडकतो आणि गुंता होतो. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली सगळ्यात आधी. रोज 10 मिनिटं द्या: आधी ब्रश, मग स्टीलचा कंगवा थेट कातडीपर्यंत. अडला तिथे गाठ. बोटांनी सोडवा, ओढलंत तर पिल्लू कंगव्यालाच घाबरेल. गुंता तसाच ठेवून आंघोळ घातलीत की गाठ घोंगडीसारखी घट्ट बसते, मग कातरण्याशिवाय इलाज नाही. पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे आणि पोट मुळापर्यंत कोरडं करा, ओल राहिली की खाज सुटते.