सहा वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा का?

तुम्ही विचारलंय, महायुद्धात लपून वाचलेल्या ज्यू मुलांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींत चुका सापडतात, मग त्या खऱ्या कशा मानायच्या?

माझं उत्तर: मानायच्या. मी लहान मुलांची समुपदेशक आहे. एखादा तपशील चुकला की अख्खं मूल खोटं ठरतं, हे मी अनेकदा पाहिलंय, म्हणून हा प्रश्न मला फार लागतो.

फ्रान्सचे मनोविकारतज्ज्ञ बोरिस सिरुलनिक यांचंच बघा. जन्म १९३७, बोर्दो. वडील फ्रान्ससाठी लढायला आपणहून सैन्यात गेले होते, तरी आईवडील दोघंही ऑशविट्झ या नाझींच्या मृत्युछावणीत मारले गेले. बोरिसला एका शिक्षिकेनं आसरा दिला. जानेवारी १९४४ मध्ये एका रात्री हत्यारबंद माणसं त्याला उचलून घेऊन गेली. आपण ज्यू आहोत हे त्याला तेव्हा कळलं. पकडलेल्यांना शहरातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात कोंडलं होतं. तिथल्या शौचालयात तो भिंतींना हातपाय रोवून छताशी चढून बसला. नंतर एका नर्सनं खूण केली, आणि मरणाच्या दारात असलेल्या एका बाईच्या गादीखाली लपून तो गाडीतून बाहेर पडला. साडेसहा वर्षांचं पोर!

युद्धानंतर त्यानं हे सांगितलं तर मोठी माणसं हसली. छान गोष्टी रचतोस, म्हणाली. मग तो कित्येक दशकं गप्प राहिला. माझ्या मते ही दुसरी जखम पहिलीइतकीच खोल असते. शहरातले ज्यू पकडून छावण्यांत पाठवण्यात हात असलेला फ्रेंच अधिकारी मोरिस पापों याच्यावर १९९७-९८ मध्ये बोर्दोत खटला चालला, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा कुठे लोक ऐकायला लागले.

आता चुका. सिरुलनिक यांना आठवत होती सोनेरी केसांची नर्स. पुढे ती भेटली, तिचे केस काळे होते. धावत उतरलेला लांबलचक जिना आठवत होता. प्रत्यक्षात सिनेगॉगला मोजक्याच पायऱ्या. जर्मन डॉक्टरनं गादी उचलून आपल्याला पाहिलं आणि तरीही जाऊ दिलं, असंही ते वर्षानुवर्षं धरून होते. ते तसं घडलंच नव्हतं. डॉक्टर त्या बाईबद्दल एवढंच म्हणाला होता, इथे मरो नाहीतर बाहेर, मेली म्हणजे झालं.

ही शेवटची चूक वाचून मी त्यांचं आठवणींचं पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. शत्रूतही एक चांगला माणूस होता, एवढं त्या पोरानं स्वतःसाठी घडवून घेतलं, कारण त्याला अजून माणसांतच जगायचं होतं. याला खोटं कसं म्हणू?

नर्स होती, गादी होती, तिच्याखाली तो होता. आणि गादीवरची ती बाईसुद्धा जगली.