चकव्यातून परत येणारी मुले

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. मुलगी आठवीत आहे, मुलगा पाचवीत. मुलीच्या वर्गात सध्या ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टूनचे, फार वेड आहे. एखादे मूल बोगद्यातून, दारातून किंवा विहिरीतून दुसऱ्याच जगात जाते आणि तिथे त्याला भुते, देवता, बोलणारे प्राणी भेटतात, अशा गोष्टी तिला विशेष आवडतात. मागच्या आठवड्यात मैत्रिणीने सुचवलेली एक मालिका दोघे पाहत बसले होते. चित्रांतली मुले गोजिरवाणी होती, म्हणून मी लक्ष दिले नाही; पण त्या रात्री धाकटा दोनदा दचकून उठला. मला बंदी घालायची नाही. दोघांना माझ्यासोबत बसून पाहता येईल असे काय आहे आणि कोणत्या क्रमाने दाखवावे?

उत्तर : ताई, आपण बंदी घालत नाही आणि सोबत बसायला तयार आहात, यातच अर्धे काम झाले आहे. चित्र गोड आहे म्हणजे गोष्ट लहान मुलांची आहे, असे मात्र ॲनिमेच्या बाबतीत कधीही धरून चालू नये. ‘मेड इन ॲबिस’ या २०१७ सालच्या मालिकेतली रिको जेमतेम १२ वर्षांची, गोबऱ्या गालांची मुलगी आहे आणि ती आईच्या शोधात एका अथांग विवरात उतरते. पण त्या वाटेवरच्या शारीरिक यातना मोठ्या माणसालाही पाहवत नाहीत. आपल्या घरात ती मालिका आणखी काही वर्षे तरी नको. दुसऱ्या बाजूने, हे सगळेच परके आणि विचित्र असते असेही नाही. आपल्या पिढीने दूरदर्शनवर ज्याच्यासाठी आंघोळी लवकर उरकल्या तो मोगली जपानमध्येच तयार झालेला होता.

गोष्टीचा गाभाही आपल्याला अनोळखी नाही. जपानी भाषेत ‘कामिकाकुशी’ असा जुना शब्द आहे. माणूस, बहुधा लहान मूल, एकाएकी दिसेनासे झाले की देवतांनी त्याला लपवले, असे तिथे म्हणत. आपल्याकडे पन्हाळा-शाहूवाडीच्या बाजूची म्हातारी माणसे चकवा लागल्याचे सांगतात ते याच्याच जवळचे आहे : माणूस रात्रभर चालत राहतो, पुन्हा पुन्हा त्याच बांधावर येतो आणि तांबडे फुटले की समोर आपलेच गाव असते. स्त्रीराज्यात गुंतलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरखनाथ परत आणतात ती कथा तर प्रभातने पुण्याला जाण्यापूर्वी, १९३२ साली, याच कोल्हापुरात ‘माया मच्छिंद्र’ या नावाने पडद्यावर आणली होती.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या २००१ सालच्या ज्या चित्रपटाच्या मूळ नावातच कामिकाकुशी हा शब्द आहे, तो जगाला ‘स्पिरिटेड अवे’ म्हणून माहीत आहे, आणि आपल्या प्रश्नाचे माझे खरे उत्तर तोच आहे. २००२ साली बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वलाचा मान मिळाला आणि पुढच्या वर्षी ऑस्करही मिळाले. पण मियाझाकी यांनी तो मित्रपरिवारातल्या दहा वर्षांच्या आसपासच्या मुलींना डोळ्यांपुढे ठेवून केला होता, हे मला पुरस्कारांहून मोठे वाटते. त्यातली चिहिरो १० वर्षांची आहे. घर बदलल्यामुळे ती गाडीत मागच्या सीटवर रुसून पडलेली असते. वाट चुकते, एक बोगदा लागतो आणि पलीकडे ओस पडलेल्या बाजारात आईवडील कुणाला न विचारता ताटे पुढे ओढून खाऊ लागतात. थोड्याच वेळात त्यांच्या जागी दोन डुकरे असतात. आपला मुलगा घाबरला तर इथेच घाबरेल, तेव्हा त्याला जवळ घेऊन बसावे आणि आईवडील शेवटी सुटतात हे आधीच सांगून टाकावे. त्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही.

त्या जगात जो काम करत नाही त्याला थारा नसतो. चिहिरो देवतांच्या स्नानगृहाच्या तळघरात पोहोचते तेव्हा तिथे काजळीचे इवलेसे जीव कोळशाचा एकेक तुकडा डोक्यावर घेऊन भट्टीकडे निघालेले असतात. त्यांतला एक ओझ्याखाली चेपतो. ती त्याचा कोळसा उचलते आणि आता याचे काय करायचे म्हणून उभी राहते, तेव्हा भट्टी सांभाळणारा म्हातारा तिला बजावतो की हाती घेतलेस तर तडीला ने. ती कशीबशी तो कोळसा जाळात टाकते, आणि ते पाहून बाकीचे सगळे लबाड जीव आपापला कोळसा अंगावर पाडून घेऊन तिच्याकडे पाहू लागतात. मुले इथे हमखास हसतात. पण रुसलेली मुलगी कामाला लागते ती याच क्षणी, आणि ते मुलांना कुणी समजावून सांगावे लागत नाही.

स्नानगृहाची मालकीण युबाबा तिच्याशी करार करते आणि करारावरच्या नावातली अक्षरे उचलून घेते. चिहिरोची ‘सेन’ होते. नाव विसरलेल्याला घरची वाट सापडत नाही. पुढे चिखलाने, घाणीने बरबटलेला एक पाहुणा येतो. त्याच्या अंगात काहीतरी रुतले आहे हे चिहिरोच्या हाताला लागते, सगळे मिळून दोरी ओढतात आणि आतून मोडकी सायकल निघते, तिच्यामागून साऱ्या नदीत टाकलेला कचरा बाहेर पडतो. तो पाहुणा म्हणजे नदीची देवता असते. मियाझाकी स्वतः घराजवळची नदी साफ करायला गेले असताना पाण्यातून अशीच सायकल निघाली होती. इचलकरंजी-शिरोळच्या बाजूला पंचगंगा जलपर्णीखाली झाकलेली ज्या मुलांनी पाहिली आहे, विहिरीवर साती आसरांना ओटी वाहणारी आजी ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा प्रसंग जपानी वाटणार नाही.

क्रम विचारलात म्हणून सांगतो. पहिल्या शनिवारी ‘द कॅट रिटर्न्स’ (२००२) लावावा. सव्वा तासाचा, हलकाफुलका चित्रपट आहे. रस्त्यात सापडलेल्या मांजराला हारू नावाची मुलगी वाचवते आणि मांजरांच्या राज्यातून उपकाराची अशी काही फेड सुरू होते की तिलाच मिशा फुटू लागतात. त्यात धाकट्याची भीती मोडेल. दुसऱ्या शनिवारी ‘स्पिरिटेड अवे’. तो दोन तासांहून थोडा मोठा आहे, तेव्हा जेवणे आधी आटोपून घ्यावीत. दोन्ही घिब्ली स्टुडिओचे आहेत. जपानी आवाज ठेवून सबटायटल लावावेत आणि धाकट्याला वाचताना दम लागला तर आपण थांबवून मराठीत सांगावे.

मुलीला एकटीला काही हवे असेल तर ‘नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स’. २००८ साली सुरू झालेल्या या मालिकेत नात्सुमे हा अनाथ मुलगा दुसऱ्या जगात जात नाही, ते जगच त्याच्या दारात येऊन उभे राहते. त्याच्या आजीने पैजा जिंकून भुताखेतांची नावे एका वहीत लिहून घेतलेली असतात. तो एकेक पान फाडून, ओठांत धरून, श्वासाबरोबर ते नाव ज्याचे त्याला परत देतो. प्रत्येक भाग साधारण चोवीस मिनिटांचा आहे आणि झोपण्यापूर्वी पाहिला तरी झोप उडत नाही.

प्रश्न : मी मूळचा गडहिंग्लजचा असून कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर आम्ही इसेकाई प्रकारच्या बऱ्याच मालिका पाहिल्या. नायक मरतो, दुसऱ्या जगात जन्मतो आणि पहिल्याच भागात त्याला सगळी ताकद मिळते. आता त्याचा कंटाळा आला आहे. याहून खोल असे काही सुचवाल का? मालिका लांब असली तरी चालेल.

उत्तर : तुमचा कंटाळा रास्त आहे. इसेकाई म्हणजे नुसते ‘वेगळे जग’. पण ज्या जगात नायकाला काहीच अडत नाही ते वेगळे असून उपयोग काय? मी अशा गोष्टीला एकच प्रश्न विचारतो : त्या जगाने या मुलाकडून काय मागितले?

‘द ट्वेल्व्ह किंगडम्स’ या मालिकेचे उत्तर या बाबतीत सर्वांत कठोर आहे. फुयुमी ओनो यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ही ४५ भागांची मालिका २००२-०३ साली प्रसारित झाली. योको ही शाळेतली सर्वांच्या हो ला हो करणारी मुलगी. एक अनोळखी माणूस वर्गापर्यंत येतो, तिच्यापुढे गुडघे टेकतो आणि तिला समुद्रापलीकडच्या जगात घेऊन जातो. तिथे मुले झाडाला लागतात आणि राजा निवडण्याचा अधिकार किरिन नावाच्या दैवी प्राण्याला असतो. राजा वाट चुकला की त्याचा किरिन आजारी पडतो. राज्य कसे चालावे याचा इतका सविस्तर विचार मी दुसऱ्या ॲनिमेत पाहिलेला नाही. पण मुकुट फार पुढे येतो. आधी योको भुकेली भटकते, ज्यांनी आसरा दिला तेच तिला विकायला निघतात, हातातली तलवार तिला घरच्यांचे खरे चेहरे दाखवते, आणि कुणावरही विश्वास ठेवायचा नाही असे तिने ठरवलेले असतानाच उंदराच्या रूपातला राकुशुन तिला पावसातून उचलून घरी नेतो. पहिल्या दहा भागांत योकोचा राग येईल. तरीही सोडू नका, तो राग यावा अशीच तिची घडण आहे. कादंबऱ्यांचा सगळा पट मालिकेत आलेला नाही, त्यामुळे काही धागे लोंबकळत राहतात, हे मात्र मनाशी धरून बसा.

दुसरी ‘हाइबाने रेन्मेई’. २००२ सालची, फक्त १३ भागांची. एक मुलगी मोठ्या कोशातून जन्मते. आधीचे काही आठवत नाही, फक्त उंचावरून पडत असल्याचे स्वप्न आठवते, म्हणून तिचे नाव राक्का, म्हणजे पडणे. तिच्या पाठीतून राखाडी पंख फुटतात ते वेदनेने, रक्ताने, आणि त्या रात्री रेकी नावाची मोठी मुलगी उशाशी बसून ते पंख पुसून स्वच्छ करते. डोक्यावरचे तेजोवलय साच्यात ओतून केलेले असते. ते जागेवर राहीना म्हणून तारेने बांधावे लागते. या मुलांनी गावात काम करायचे, दुसऱ्याने वापरून टाकलेल्या वस्तूच घ्यायच्या आणि गावाभोवतीच्या भिंतीला हात लावायचा नाही, असा नियम आहे. कुणीही काही उलगडून सांगत नाही. ही मालिका हॉस्टेलच्या गोंगाटात पाहू नका, आणि सध्या मन फार खचलेले असेल तर एकट्यानेही पाहू नका, कारण स्वतःला क्षमा करता न येणे हाच तिचा विषय आहे.

‘इनुयाशा’ तुम्ही पाहिली असेलच. नसेल तर १५ वर्षांची कागोमे घरच्या देवस्थानातल्या जुन्या विहिरीतून युद्धकाळातल्या जपानमध्ये पडते, ती ही गोष्ट. पहिली मालिका १६७ भागांची, पुढची २६ भागांची. मधले बरेच भाग गाळले तरी बिघडत नाही.

प्रश्न : मी शिवाजी पेठेत राहतो. तरुणपणी तालमीत होतो. नातू १२ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी माझी सून वारली, तेव्हापासून तो फारसा बोलत नाही, जपानी चित्रपट मात्र मन लावून पाहतो. भाचीने त्याला ‘द बॉय अँड द हेरॉन’ दाखवा असे सुचवले आहे. दाखवावा का?

उत्तर : आजोबा, आपले पत्र मी दोनदा वाचले. भाचीने सुचवलेला चित्रपट थोर आहे. मियाझाकी यांनी तो वयाची ८० वर्षे ओलांडल्यावर पूर्ण केला, २०२३ साली तो आला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. तरीही यंदा तो नको, असे माझे मत आहे. त्यातला माहितो १२ वर्षांचाच आहे. युद्धाच्या काळात रुग्णालयाला लागलेल्या आगीत त्याची आई जाते आणि ती आग आपण त्या मुलाच्या डोळ्यांनी पाहतो. पुढे तो रागाच्या भरात दगड उचलून स्वतःच्या डोक्यावर मारून घेतो. हे दृश्य नातवाने आज एकट्याने पाहणे मला बरोबर वाटत नाही. दोन-तीन वर्षांनी त्याने स्वतः मागितला तर जरूर द्यावा.

एक गोष्ट आपल्याला ठाऊक असावी. अशा कथांत दुसऱ्या जगाचा दरवाजा अनेकदा आई गेलेल्या मुलालाच सापडतो. ‘सुझुमे’ (२०२२) या चित्रपटातली मुलगी चार वर्षांची असताना तिची आई जाते, आणि आईने हाताने बनवलेली लहानशी पिवळी खुर्ची गोष्टभर तिच्यासोबत धावत असते. तेव्हा आईचा विषय पूर्णपणे टाळणारे काही शोधू नका. विषय येऊ द्यावा, फक्त तो येईल तेव्हा आपण शेजारी असावे.

मी सुचवीन तो मामोरु होसोदा यांचा ‘द बॉय अँड द बीस्ट’ (२०१५), आणि तो आपल्याला नातवाहून जास्त कळेल. आई वारल्यावर ९ वर्षांचा रेन घरातून पळतो आणि टोकियोतल्या एका गल्लीतून प्राण्यांच्या नगरीत शिरतो. तिथला कुमातेत्सु नावाचा अस्वलासारखा आडदांड मल्ल त्याला शिष्य करून घेतो आणि वय नऊ म्हणून नाव ठेवतो क्यूता. कुमातेत्सुला स्वतःला कधी वस्ताद लाभलेला नसतो, त्यामुळे ताकद अफाट असूनही शिकवायचे कसे हे त्याला कळत नाही. तो नुसता ओरडतो. मुलगा मग आपणच युक्ती काढतो. कुमातेत्सु झाडू मारतो तेव्हा, जेवतो तेव्हा, चालतो तेव्हा हा मागे राहून त्याच्या पायांची नक्कल करतो. पुढे पुढे त्याला न बघता, केवळ पावलांच्या आवाजावरून, वस्तादाचा कुठला पाय कुठे पडणार हे कळू लागते, आणि मग तो मुलगाच वस्तादाला त्याच्या पवित्र्यातली चूक दाखवू लागतो.

चित्रपटाच्या उत्तरार्धात माणसाच्या मनातल्या काळोखाचा भाग जड आहे आणि मला तो काहीसा लांबलेलाही वाटतो. नातू कंटाळला तर तिथे उरलेला भाग दुसऱ्या दिवसावर टाकावा. पण पावलांची नक्कल करण्याचा प्रसंग आला की चित्रपट जरा थांबवा, आणि आपल्या तालमीत नव्या पोराला लाल मातीत पहिल्या दिवशी पाय कसा रोवायला शिकवत, ते त्याला उभे राहून करून दाखवा.