पाच जणी

प्रिय सई,

परवा गाडीत तू विचारलंस, "ईशाताईच्या मुहूर्ताला चारच बायका होत्या, म्हणून पाचवीसाठी शेजारच्या वहिनींना फोन केला. ताईआत्या तर तिथेच उभी होती. मग ती का नाही?" बाबा गप्प बसला, मीही. प्रश्न लागला मला. म्हणून लिहितेय.

साताऱ्याच्या घरात पाच सगळीकडे होते. पूजेला पंचामृत, गणपतीच्या खिरापतीला पंचखाद्य. खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर, खिसमिस हे मी बोटांवर मोजायचे आणि आजी मुद्दाम एक चुकवायची. श्रावणातली कहाणी "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणत संपली की नमस्कार करून आम्ही पानावर धावायचो. पाचच का, ते कुणी सांगत नसे.

पण मला खरं आवडायचं ते लग्नाचं मुहूर्त. मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधायचे, पाच जणी मिळून ते एकच मुसळ धरायच्या आणि हळद कांडायच्या. दहा हात, सगळ्यांच्या बांगड्या एकमेकींवर आपटायच्या. कोणीतरी ओवी सुरू करायचं, दुसरीला पुढची ओळ आठवायची नाही, मग हसू. लग्न आमच्या एकट्या घराचं नाही, आळीचं आहे, असं तेव्हा वाटायचं. इथे टोरांटोत आपल्या दारात कोणी न कळवता येत नाही, तेव्हा मला ते मुसळ फार आठवतं. म्हणून हे सगळं टाकून दे असं माझ्याच्याने म्हणवत नाही.

आणि त्याच वेळी ताईआत्या स्वयंपाकघरात असायची. काका गेले तेव्हा ती तिशीतसुद्धा नव्हती. लग्नघरचं पुरण तिच्याशिवाय कोणी शिजवत नसे. उलथनं पुरणात उभं राहिलं की मगच ती पातेलं उतरवायची. बाहेर सवाष्णी मोजायला लागल्या की "दूध उतू जाईल गं" म्हणून ती आत वळायची. तिला कोणी आत जा म्हणायचं नाही. म्हणावं लागतच नसे. सई, यात मला काहीही राखण्यासारखं वाटत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. मी ती बातमी ताईआत्याला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं झालं, पोरींना बरं होईल." स्वतःबद्दल काहीच बोलली नाही.

तुझ्यावर मी काही लादणार नाही. लग्न करशील, न करशील, मुहूर्त करशील, न करशील. पण केलंस तर पाच जणी मात्र हव्यात, एवढा माझा हट्ट. त्यात ताईआत्या असावी, तुझी ती मैत्रीण नूर असावी, आणि कोणाचा नवरा आहे की नाही हे कोणी विचारू नये. आजीला काय सांगायचं ते माझ्याकडे लागलं. ती रुसेल, दोन दिवस बोलणार नाही, ते मी बघेन.

ताईआत्याला एकदा फोन कर. तिला रविवारी सकाळी वेळ असतो.

तुझी,
आई