‘हा हलतच नाही, मॅडम’

दिवाळीचा फराळ संपला की, जानेवारी लागला की, किंवा घरात कुणाचा रक्ताचा रिपोर्ट बिघडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. “सगळं करून पाहिलं, पण आमच्या घरात व्यायाम टिकतच नाही.” बोलते बहुधा आई आणि बोट असतं मुलाकडे. नागपुरात त्याला उन्हाची जोड मिळते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की चालणं बंद पडतं, ते पावसाळ्यात चिखलामुळे बंदच राहतं आणि थंडीत पहाटे उठवत नाही.

त्रिमूर्तीनगरचं एक कुटुंब सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. मुलगा आठवीत, आई बँकेत, बाबा मिहानमध्ये नोकरीला, शिवाय गुडघ्यांनी बेजार झालेली आजी. बाबांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.१ टक्के आलं होतं, म्हणजे स्वारी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तरी समुपदेशनाला आणलं होतं मुलाला!

“दिवसभर मोबाइलच पाहून राहिला हा. वजन पाहा ना याचं.”

उपायांची यादी मोठी होती. स्विमिंगची फी भरून झाली होती. गिअरची सायकल बाल्कनीत उभी होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत. मुलाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, रोजचं लक्ष्य दहा हजार. रात्री ताटावर बसल्या-बसल्या आकडा विचारला जाई. रविवारी तर्री-पोहे हवे असतील तर आधी अंबाझरी तलावाला चकरा.

मुलगा पहिले काही दिवस खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने सोलत बसायचा. ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’, एवढंच. मीही घाई केली नाही. एकदा सगळ्यांसमोर त्याला विचारलं, “चल, चालायला जाऊ, असं कुणी म्हटलं की तुझ्या मनात पहिलं काय येतं?”

त्याने घड्याळाचा पट्टा एक घर सैल केला. “मी आज काय खाल्लं ते.”

“म्हणजे?”

“मी काही खाल्लं की मगच म्हणतात ना, चालायला जा.”

“अरे, तुझ्या भल्यासाठीच...” बाबा सुरू झाले. मी हाताने थांबवलं. बोलल्या त्या आई, त्याही माझ्याशी नाही, मुलाशी. “मी पण तेच करते रे. दुपारी भात जास्त झाला की संध्याकाळी गच्चीवर चकरा मारते. नाही मारल्या तर रात्री पोळी कमी घेते.”

खोलीत कुणीच काही बोललं नाही. मला त्या दोन वाक्यांत सगळं घर दिसलं. चालणं हा तिथे खाल्ल्याचा दंड होता, आणि दंड टाळता आला तर कोण टाळणार नाही? मुलगा आळशी नव्हता. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तो तेवढी उघड करत होता. एका माणसाच्या सवयीचं मूळ मी नेहमी सगळ्या घराच्या दिनक्रमात शोधते, आणि ते तिथेच सापडतं असा माझा अनुभव आहे.

मग माझा आवडता, अगदी साधा प्रश्न विचारला. “तुम्ही सगळे एकत्र कधी असता?”

“रात्रीच्या जेवणाला.”

“आणि नंतर?”

बाबा बातम्या लावत, मुलगा खोलीत जाई, आजी जप करी, आई ओटा आवरत. म्हणजे ‘सगळे मिळून चालू या’ म्हटलं तरी एक माणूस ओट्यापाशीच अडकणार होता. हे आजवर कुणी मोजलंच नव्हतं.

ठरलं एवढंच: जेवण झालं की भांडी-ओटा सगळ्यांनी मिळून आवरायचा आणि लगेच बाहेर पडायचं, कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जाऊन परत. घड्याळ ड्रॉवरमध्ये. वाटेत वजन, मार्क आणि ताट हे तीन विषय बंद. आजी म्हणाल्या, “मी फाटकापर्यंत येईन बाप्पा, पुढे तुम्ही जा.”

“एवढ्याशाने काय होईल? घामही नाही येणार,” बाबा म्हणाले.

शंका रास्त आहे, म्हणून नीट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे, ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं. पण सलग दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे. तुकड्या-तुकड्यांनी झालेलं चालणंही धरतात. जेवणानंतर चाललं की स्नायू साखर वापरतात आणि रक्तातली उसळी कमी होते, म्हणजे ही शतपावली मुलापेक्षा बाबांच्याच कामाची. आणि दहा हजारांचा आकडा? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, तिथून तो रुळला. त्यासाठी पोराशी रोज भांडू नये.

लोक मला फुटाळा तलावावर, सेमिनरी हिल्सवर फिरायला जायचे बेत सांगतात. जरूर जा, पण रोजची सवय त्यावर उभी करू नका. ज्या चालण्यासाठी आधी कार काढावी लागते, ते दुसऱ्या आठवड्यात बारगळतं. उन्हाळ्यात वेळ रात्री उशिरा न्या, कुत्री असतील तर गल्ली बदला, पाऊस असेल तर जिन्यात किंवा पार्किंगमध्ये फिरा. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायला लावू नका, नाहीतर दंड पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

या घरातही खाडे पडलेच. बाबा फोन कानाला लावूनच चालायचे. ते मुलाने थांबवलं, “आपलं ठरलं होतं ना?” असं म्हणून. मला त्या तक्रारीचा फार आनंद झाला, कारण नियम आता त्याचाही झाला होता. पुढे पलीकडच्या कॉलनीत रात्री बॅडमिंटन चालतं हा शोधही त्यानेच लावला. बाबा सोबत गेले आणि पहिल्याच डावात धापा टाकत कठड्यावर बसले. वजन फारसं उतरलेलं नाही, आणि मी ते विचारतही नाही.

“मग मुलाला क्लास लावावा की नाही?” हे आईबाबा जाता-जाता विचारतातच. त्याने मागितला तर लावा. आणि फी भरण्याआधी त्याला एकदा नुसतं खेळून पाहू द्या.